अख्खं ॲपडेटा सिंक करू नका, माझ्या चार हजार नोंदी असल्याच उद्योगात गेल्या

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. डेस्कटॉप, लॅपटॉप आणि कपाटातला जुना लॅपटॉप, तिन्हींवर सगळं सारखं दिसावं म्हणून अख्खं ॲपडेटा (विंडोजवर प्रोग्रॅम आपापला डेटा ठेवतात ते फोल्डर) क्लाउडच्या फोल्डरात हलवलं, मूळ जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे बोट दाखवणारी पाटी, ठेवली, आठवडाभर झकास चाललं. आणि आता सेटिंग्ज आपोआप मागे जातायत, 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' नावाच्या फाइलींचं (दोन संगणकांवर एकच फाइल वेगवेगळी बदलली की सिंक बनवतं त्या जादा प्रती) पीक आलंय. अगदी हाच उद्योग मी करून बसले होते.

पुढचं वाचायच्या आधी एक करा. तो कपाटातला लॅपटॉप सुरू करायचाच असेल तर आधी वायफाय बंद करा. लॅपटॉपचं नाही, राउटरचं. त्यावर जुनी पण धड प्रत असू शकते. ती पेनड्राइव्हवर काढून घेईपर्यंत त्याला इंटरनेटचं तोंड दाखवू नका. का, ते खाली येतंय.

सिंक कसं लावायचं वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडते.

मी भाषांतरं करते. पारिभाषिक शब्दांच्या नोंदी ठेवायचा माझा एक प्रोग्रॅम होता, त्यात पाच वर्षांच्या चार हजारांवर नोंदी. त्याचं फोल्डरही मी बाकीच्यांबरोबर सिंकमध्ये ढकललं. ते आतून एसक्यूलाइट, म्हणजे फाइलीत राहणारा छोटा डेटाबेस, आहे हे मला ठाऊकच नव्हतं. एसक्यूलाइटच्या एका पद्धतीत नवी नोंद थेट मुख्य फाइलीत जात नाही. ती आधी शेजारच्या 'वॅल' फाइलीत पडते आणि सवडीने मुख्य फाइलीत मिसळते. म्हणजे दोन्ही मिळून एक डेटाबेस. सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी मात्र त्या दोन सुट्या फाइली, जी आधी हाती लागेल ती आधी पाठवायची. शिवाय एका संगणकावर फाइल उघडी आहे, तिला कुलूप आहे, हे दुसऱ्या संगणकाला कळत नाही. दोन्हीकडे प्रोग्रॅम उघडा ठेवून मी जेवायला गेले. आले तर 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड', म्हणजे डेटाबेसची फाइल बिघडली.

इथपर्यंतही निभावलं असतं. पण प्रोग्रॅमने वरताण केली: फाइल वाचता येईना म्हणून नवी, रिकामी बनवली. रिकामी फाइल सगळ्यात ताजी, म्हणून सिंकने इमानेइतबारे तीच सगळीकडे पोचवली.

आता माझी खरी घोडचूक. तिसऱ्या संगणकावर जुनी प्रत शाबूत होती, कारण तो बंद होता. मी सिंक सेवेच्या मदत विभागाला लिहिलं (नाव घेत नाही, उगाच वाद नको). पाच दिवसांनी उत्तर आलं: सर्व उपकरणांवर साइन आउट करून पुन्हा साइन इन करा. मी आज्ञाधारकपणे तिसऱ्यावरही केलं. साइन आउट होताना त्याने स्थानिक प्रत पुसली आणि साइन इन होताच क्लाउडवरची रिकामी उतरवली. हे परत लिहिलं तर पुन्हा तेच उत्तर, शब्दही न बदलता, फक्त सही वेगळी. जुन्या आवृत्त्या तीस दिवस मिळतात हे त्यांनी सांगितलं ते चौतिसाव्या दिवशी. आणि तिकिटावर शेरा काय, तर 'समस्या सुटली'! अजून आठवलं की डोकं फिरतं. असो.

तर माझं मत. मी पेशाने संगणकवाली नाही, जाणकारांनी चूक असेल तिथे कान धरावा. सेटिंग म्हणजे तुम्ही ठरवलेली गोष्ट: फॉन्ट, शॉर्टकट, रंग. ॲपडेटामध्ये तेवढंच नसतं. कॅशे (तात्पुरता साठा), कुलुपं, खिडकी कुठे उघडली होती, लॉगिनचे टोकन (लॉगिन झाल्याची खूण), असं प्रोग्रॅमने स्वतःसाठी लिहिलेलं कितीतरी असतं. ते दुसऱ्या संगणकावर नेण्यात अर्थ नाही. ॲपडेटातल्या 'रोमिंग' या फोल्डरच्या नावाला तर अजिबात भुलू नका. ती सोय कार्यालयातल्या अशा व्यवस्थेसाठी आहे, जिथे लॉगिन करताना प्रोफाइल उतरतं आणि लॉगआउट करताना परत चढतं. दोन संगणक एकदम उघडे ठेवून एकाच फोल्डरात लिहायला ती नाही. आवृत्त्यांचंही भान ठेवा. फायरफॉक्स २०१९ च्या ६७व्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीत उघडलेलं प्रोफाइल जुनीत उघडायला सरळ नकार देतो. तो निदान नकार देतो. बाकीचे मुकाट्याने बिघडवतात.

मॅक घेणार म्हणालात, तिथे सिमलिंकची युक्ती आणखी कच्ची. प्रेफरन्सेस, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज, एक वेगळी प्रक्रिया स्मृतीत धरून ठेवते, खालची फाइल बदलली तरी ती आपलंच वर लिहिते. २०२३ च्या सोनोमा या मॅकओएसच्या आवृत्तीपासून तर सिमलिंक केलेल्या प्रेफरन्स फाइली चालेनाशा झाल्या, आणि अशाच सिमलिंकवर चालणारं 'मॅकअप' (Mackup) हे सेटिंग्ज जपणारं साधन वापरणाऱ्यांची पंचाईत झाली.

मी आता काय करते? हाताने लिहिलेल्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइली तेवढ्या गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, आणि त्या जागेवर बसवायला शेम्वा (chezmoi) हा प्रोग्रॅम. दर संगणकागणिक थोडा फरक ठेवायचा असेल तर ते सोपं पडतं. सगळीकडे लिनक्सच असतं तर सिमलिंक लावून देणारं स्टो (Stow) हे साधनही पुरलं असतं. प्रोग्रॅमच हलवत नाही, त्यांची यादी हलवते: विंडोजवर 'विंगेट एक्स्पोर्ट', मॅकवर 'ब्रू बंडल' या आज्ञांनी. ब्राउझर आणि व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) यांची स्वतःची सिंक आहे, तीच वापरा. काय न्यायचं आणि काय नाही हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. एसएसएच की (दुसऱ्या संगणकात शिरायची डिजिटल किल्ली) मात्र दर संगणकाची वेगळी करा. आणि गिटमध्ये पासवर्ड एकदा गेला की फाइल पुसली तरी तो इतिहासात राहतो, तेव्हा तो बदलूनच टाका.

हे सगळं जड वाटलं तर सिंकथिंग (आपल्याच संगणकांमध्ये थेट फाइली सिंक करणारा प्रोग्रॅम) लावा, पण कागदपत्रांपुरतं, आणि त्यात फाइल व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं) स्वतः चालू करा, सुरुवातीला ते बंद असतं.

जाता जाता, फाइलींची नावं मराठीत ठेवत असाल तर 'ऱ' जपा. युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात) तो दोन प्रकारे लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब). मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नाव दुसऱ्या प्रकारे साठवते. माझ्याकडे 'दुसऱ्या मसुद्याची यादी' लिनक्सवर दोनदा दिसायची, डोळ्यांना अगदी सारखी. एक पुसली, ती नेमकी ताजी निघाली.

त्या कॉन्फ्लिक्ट फाइली इतक्यात पुसू नका. सिंक थांबवा, त्या वेगळ्या फोल्डरात काढा आणि कोणत्या प्रोग्रॅमच्या आहेत ते इथे टाका. नावाच्या शेवटी डीबी किंवा एसक्यूलाइट असलेल्या आधी बघू.