वाचकांचे प्रश्न : विडी कामगारांची शिष्यवृत्ती घ्यावी की फीमाफी?

प्रश्न : मी विड्या वळते. आम्ही ओबीसी. मुलीला कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय, मुलगा अनुदानित कॉलेजात बी.कॉम.ला आहे. विडी कामगारांची शिष्यवृत्ती दोघांनाही लावावी का?
– एक वाचक, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : ताई, मुलाला लावा, मुलीला नको. एकाच वर्षी दोन सरकारी योजनांचा लाभ साधारणपणे घेता येत नाही. त्यामुळे फॉर्म भरण्याआधी वही-पेन घेऊन हिशेब मांडा.

केंद्राच्या कामगार खात्याची विडी कामगार शिष्यवृत्ती इंजिनिअरिंग, एमबीबीएससारख्या अभ्यासक्रमांना वर्षाला २५,००० रुपये देते, साध्या पदवीला ६,०००. दुसरीकडे, जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसीतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एवढीच, की कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी पाहता पंचवीस हजारांसाठी ही माफी सोडणे परवडणारे नाही. मात्र विकास शुल्क, बस आणि हॉस्टेल माफीत येत नाही. तेवढे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

मुलाचे गणित उलटे. अनुदानित कॉलेजात बी.कॉम.ची फीच थोडी, तिथे माफीपेक्षा सहा हजार रोख बरे. त्यातही बारावीला तो बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असेल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती पदवीची तीन वर्षे दरसाल १२,००० देते. मग विडीचीही सोडा. फक्त पुढच्या वर्षी नूतनीकरणाला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते, हे त्याला आजच बजावून ठेवा.

मुलीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, मुलाचा केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. राष्ट्रीय पोर्टलवर आधी ओटीआर, म्हणजे चौदा अंकी कायमचा नोंदणी क्रमांक काढावा लागतो. तो एकदाच काढायचा आणि जपून ठेवायचा. विडीसाठी तुमचे कामगार ओळखपत्र जोडावे लागेल. त्यावरचे तुमचे नाव आणि आधारवरचे नाव एकच आहे ना, ते आधी बघा. आपल्याकडे अडते ते इथेच. कार्डावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे, रेशनकार्डावर तिसरेच.

प्रश्न : महाडीबीटीवरचा अर्ज कॉलेजने परत पाठवला. कारण फक्त ‘कागदपत्रे अपुरी’. करायचे काय?
– एक विद्यार्थी, मोहोळ

उत्तर : शिष्यवृत्ती विभागाच्या क्लार्कला समोर बसून विचारा, कारण पोर्टलवरची शेरेबाजी नेहमी अर्धवटच असते. बहुतेक वेळा घोळ उत्पन्नाच्या दाखल्यात निघतो. तो तहसीलदारांचाच लागतो, वडिलांची पगाराची स्लिप किंवा फॉर्म १६ नुसता चालत नाही. शिवाय मुदत संपलेला दाखला जोडलेला असतो. सेतूत दाखला काढताना तीन वर्षांचा मागा, दरवर्षीची खेप वाचते. शिक्षणात खंड असेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र जोडा. फाइल १५ ते २५६ केबीच्याच मापात हवी. ती बसवण्यासाठी इतकी दाबू नका, की शिक्का वाचता येणार नाही. दुरुस्ती करून पुन्हा ‘सबमिट’ दाबल्याशिवाय अर्ज कॉलेजकडे जात नाही, तुमच्याच खात्यात पडून राहतो.

प्रश्न : अर्ज मंजूर दिसतो, पैसे मात्र बँकेत नाहीत. पासबुकला आधार जोडलेले आहे.
– एक पालक, अक्कलकोट

उत्तर : आधार ‘जोडलेले’ असणे आणि ‘सीड’ झालेले असणे वेगळे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट बँकेत येणारे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत. एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत आधारपुढे ज्या बँकेचे नाव असेल, तिथे जातात. ही नोंद होणे म्हणजेच सीडिंग. आणि नोंद शेवटच्या बँकेची धरली जाते. मोबाइलच्या दुकानात सिम घेताना अंगठा लावून पेमेंट बँकेचे खाते उघडले गेले असेल, तर पैसे बहुधा तिथेच पडले असतील. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये मुलाचा आधार क्रमांक टाका, बँकेचे नाव कळेल. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा. खाते मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि चालू असावे. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेले शून्य शिलकीचे खाते बंद झाले असेल तर पैसे उलटे फिरतात.

प्रश्न : अठराशे रुपये भरले की शिष्यवृत्ती नक्की, असे एक जण फोनवर सांगतोय.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : देऊ नका. महाडीबीटी किंवा राष्ट्रीय पोर्टलवर अर्जाला शुल्क नाही. सेवा केंद्रवाल्याला फॉर्म भरण्याची मजुरी द्यावी लागते ती वेगळी. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका, अगदी ‘समाजकल्याणमधून बोलतोय’ म्हणाला तरी.