चंचू तशीच उघडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न (दादर): माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता त्यांना शाळेत चालीवर शिकवली होती. अजूनही संध्याकाळी गॅलरीत बसून ते ती गुणगुणतात. पण ‘मातीत ते पसरिले’ आले की आवाज फुटत नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच म्हणाले की, नऊ-दहा वर्षांचे असताना गावी बेचकीने एक साळुंकी मारली होती. कवितेत तर लहान मुलगा कुठेच नाही. मग ते स्वतःला तिच्यात का पाहतात? ‘तुम्ही तेव्हा लहान होता’ असे म्हटले की ते गप्प होतात.

उत्तर: ही घायाळ पक्षिणीची कविता. आधी तिचे पहिले कडवे समोर ठेवू.

क्षणोक्षणि पडे, उठे, परि बळे उडे बापडी,
चुके पथहि, येउनी स्तिमित दृष्टिला झापडी;
किती घळघळा गळे रुधिर कोमलांगातुनी,
तशीच निजकोटरा परत पातली पक्षिणी.

कविता सुरू होते तेव्हा घाव बसून गेलेला आहे. मारणारा दिसत नाही आणि शेवटपर्यंत तो समोर येत नाही. पक्षिणी त्याच्याविषयी बोलते, पण त्याला नाव देते ते ‘नर’ एवढेच: ‘उदार बहु शूर हा नर खरोखरी जाहला, वधून मज पाखरा निरपराध की दुर्बला’. ही व्याजस्तुती आहे, वर कौतुक आणि आत घाव. हा नर पारधी आहे की हौशी शिकारी, म्हातारा की पोरसवदा, काहीच कळत नाही. ती जागा कवीने मोकळी ठेवली आहे. ज्याच्या हातून कधी असे काही घडले आहे, त्याला तिथे जाऊन उभे राहावे लागते. तुमचे वडील उभे राहिले. त्यांनी कविता चुकीची वाचलेली नाही. आमच्या मते ती पुरती वाचली आहे.

रामायणाच्या बालकांडात तमसेच्या काठी निषाद क्रौंच पक्ष्याला मारतो, तेव्हा वाल्मीकींच्या तोंडून ‘मा निषाद’ हा शाप निघतो. शाप दिला की हिशेब पुरा होतो. अपराधी कोण, शिक्षा काय, सगळे ठरून जाते. टिळकांची पक्षिणी टोमणा मारते, शाप देत नाही. त्यामुळे अपराध कुठे मिटतच नाही, तो ऐकणाऱ्याच्या पदरात राहतो. साठ-सत्तर वर्षांची टोचणी अशीच असते. शिक्षा झालेली नसते, म्हणून माफीही मिळालेली नसते.

आता ही ओळ बघा: ‘अहा! मधुर गाउनी रमविले सकाळी जनां, कृतघ्न मज मारतील नच ही मनी कल्पना’. बालपणीचा निरागसपणा हरवला असे आपण मारणाऱ्या मुलाबद्दल म्हणतो. इथे तो आधी पाखराचा हरवतो. ज्यांच्यासाठी सकाळी गायले ते मारतील, हे तिच्या मनातही आले नव्हते. बेचकी ताणणाऱ्या मुलाच्या मनातही मरण नसते, त्याला नेम साधायचा असतो. खडा लागतो, पाखरू खाली येते आणि हात जड होतो. दोन्ही बाजूंचा भाबडेपणा एकाच क्षणी संपतो, म्हणून ही ओळ मुलाच्या बाजूनेही तितकीच खरी लागते.

एका जागेकडे सहसा लक्ष जात नाही. पक्षिणी पिलांना सांगते: ‘म्हणाल, भुलली जगा, विसरली प्रियां लेकरां, म्हणून अति संकटे उडत पातले मी घरा’. तुम्हाला वाटेल आई जगाला भुलली, लेकरांना विसरली, म्हणून कशीबशी घरी आले. अख्ख्या कवितेत स्वतःची बाजू मांडते ती एकटी मरणारी. ज्याने उत्तर द्यायचे तो निघून गेला आणि अपराधी वाटते आहे ते हिला! याच्या पुढची ओळ तर वाचवत नाही: ‘नसे लवहि उष्णता, नच कुशीत माझ्या शिरा’. माझ्या अंगात आता ऊब उरली नाही, कुशीत शिरू नका. आणि आपल्या रक्ताने घरटे भिजू नये, ‘रुधिर वाहुनी नच भिजो सुशय्या तरी’, म्हणून ती झाडाखाली जमिनीवर येऊन निजते. करुणा या कवितेत उपदेशाच्या ओळीत सापडणार नाही. ती या दोन कृतींत आहे: पिलांना कुशीत येऊ न देणे आणि घरटे कोरडे ठेवणे.

तुमचे वडील जिथे थांबतात ते हे कडवे:

मातीत ते पसरिले अति रम्य पंख,
केले वरी उदर पांडुर निष्कलंक,
चंचू तशीच उघडी, पद लांबवीले,
निष्प्राण देह पडला! श्रमही निमाले!

इथे पक्षिणी बोलत नाही, कोणीतरी बघते आहे. कुठून? पोटाचा फिकट पांढरा रंग, पसरलेले पंख, ताठ झालेले पाय, उघडी चोच. हे लांबून दिसत नाही. हे दिसते ते पाखराच्या अगदी वर वाकून उभे राहणाऱ्याला. बेचकीचा खडा लागल्यावर पोरगा धावत जातो आणि वाकतो, तेव्हा त्याला नेमके एवढेच दिसते. ‘तशीच’ या शब्दावर थांबा. त्याच चोचीत मघाशी पिलांसाठी शेवटचा घास होता, ‘तुम्हांस अजि अंतिचा कवळ एक मी आणिला’. वडिलांचा आवाज तिथे बसतो, कारण कवीने जे पाहायला लावले ते त्यांनी खरोखर पाहिलेले आहे.

आता ‘तुम्ही लहान होता’ याविषयी. हे वाक्य प्रेमाचे आहे, पण ते दार लावते. ऐकणाऱ्याला वाटते, आपण बोललो ते यांना नको आहे. त्याऐवजी इतके करून बघा. पुढच्या वेळी ते गुणगुणू लागले की शेजारी जाऊन बसा. आवाज अडकला की पुढची ओळ तुम्ही म्हणा, हळू, चालीवर. कडवे संपल्यावर एकच प्रश्न विचारा: ‘मग त्या साळुंकीचं पुढे काय केलंत, बाबा?’ त्यांनी तिला पुरले असेल, टाकून पळाले असतील, घरी मार खाल्ला असेल. जे असेल ते ऐकून घ्या आणि त्यावर निवाडा देऊ नका. सांगायचे नसेल तर विषय सोडून द्या, पुन्हा खोदू नका. मराठीत हळहळ आणि कळवळा असे दोन शब्द आहेत. हळहळ लांबून होते, कळवळा जवळ घेऊन जातो. त्यांना कळवळ्याची गरज आहे.

प्रश्न (गिरगाव): शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात हीच कविता गाणार आहे. पेटी आणि तबला आहे. तालमीत शेवटचे कडवे प्रत्येक वेळी घसरते. काय चुकते?

उत्तर: वृत्त बदलते, ते चुकते. आधीची सारी कडवी पृथ्वी वृत्तात आहेत: गण ज स ज स य ल ग, ओळीत १७ अक्षरे, आठव्या अक्षरानंतर यती, म्हणजे थांबा. शेवटचे कडवे वसंततिलका: त भ ज ज ग ग, १४ अक्षरे. पृथ्वीची ओळ लघूने (एका मात्रेच्या अक्षराने) सुरू होते, वसंततिलका दोन गुरूंनी (दोन मात्रांच्या अक्षरांनी). जुन्याच चालीत पुढे गेलात तर ‘मातीत’मधल्या ‘मा’ला लघूची जागा मिळते, ‘मतीत’ ऐकू येते आणि तीन अक्षरे कमी पडल्यामुळे ओळीचा शेवट ताणावा लागतो. आधीचे कडवे संपल्यावर पूर्ण थांबा, दोन-तीन सेकंद नुसता सूर राहू द्या, मग नवी चाल सुरू करा. ‘मा’ आणि ‘ती’ दोन्ही अक्षरे सावकाश टेकवा. ‘पंख’चा ‘ख’ ओळीच्या शेवटी असल्याने गुरू धरतात, त्याला जागा द्या. ‘लांबवीले’तला ‘वी’ वृत्तासाठीच दीर्घ केला आहे, तो तसाच म्हणा. उलट पहिल्या ओळीत बरेच ठिकाणी ‘क्षणोक्षणी’ छापलेले असते. तिथे ‘णि’ ऱ्हस्व हवा, नाहीतर सुरुवातीलाच पाय अडखळतो.

तबल्याचे सांगायचे तर तो काढून टाका. पृथ्वीच्या ओळीत मात्रा २४, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची बरोबर तीन आवर्तने, म्हणून मोह होतो. पण यती पडतो ११ मात्रांनंतर, ८ किंवा १६ नंतर नाही. ‘क्षणोक्षणि पडे उठे’ म्हणून बघा: दुसरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते ‘उठे’च्या ‘उ’वर, तिसरी ‘उडे’च्या ‘उ’वर. दोन्ही लघू अक्षरे, आणि दोन्हीवर थाप पडते. जी धडपडत उठते आहे तिला प्रत्येक वेळी तबला ढकलतो. श्वास घ्यायचा तो ‘उठे’नंतर, पडणे-उठणे आणि उडणे यांच्या मधल्या फटीत, ती फट ठेक्याने बुजते. पेटीवर सा आणि पंचम धरून ठेवा, ओळीला दोन श्वास घ्या, एवढे पुरे.

पट्टी नेहमीपेक्षा एक स्वर खाली घ्या. वरच्या सुरात ‘घळघळा गळे’ किंचाळल्यासारखे होते, आणि तिथले तीन ळ नीट उमटले तर वेगळे रडे लागत नाही. हुंदका तर अजिबात नको. शेवटी पहिल्या ओळीकडे परतून ध्रुवपद करण्याची सवय असते, ती इथे टाळा. ‘श्रमही निमाले’ म्हटल्यावर पक्षिणीला पुन्हा उडवू नये.

प्रश्न (मुलुंड, शिक्षिका): मुले उत्तरात एकच वाक्य लिहितात: ‘प्राण्यांवर दया करावी हा संदेश मिळतो.’ यापुढे कसे न्यावे?

उत्तर: ‘संदेश काय’ हा प्रश्न महिनाभर विचारू नका. त्याऐवजी शोधायला लावा: पक्षिणीला कोणी मारले ते कोणत्या ओळीत आहे? मुले सगळी कविता चाळतील आणि ‘नर’ या शब्दापाशी अडकतील. मग विचारा, ती झाडावरून खाली का आली? उत्तर एका ओळीतच आहे, पण ते मुलांनी स्वतः शोधून काढायला हवे. तिसरे, शेवटचे कडवे नुसते टाळ्यांवर मोजायला द्या, लघूला एक, गुरूला दोन. पृथ्वीच्या २४ आणि इथल्या २१ मात्रा मुलांच्या हाताला कळतात. चाल का बदलली, हे मग तीच सांगतात.

वर्गात कोणी ‘मी पण मांजराला दगड मारला होता’ असे बोलले, तर त्याला उदाहरण म्हणून उभे करू नका. मान डोलवा, पुढे चला आणि मधल्या सुटीत त्याच्याशी एकट्याने बोला.

प्रश्न (भायखळा): टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग ‘करी जतन यापुढे प्रभु पिता अनाथां सदा’ ही ख्रिस्ती प्रार्थना मानावी का?

उत्तर: तशी वाचता येते, पण कविता तेवढ्यावर उभी नाही. देवाला बाप म्हणणे आपल्या अभंगांतही आहे. शब्द पाहायचा तो ‘जतन’. आई जे रोज करत होती ते आता ती दुसऱ्याच्या हाती सोपवते आहे. त्याआधीच्याच ओळीत ती ‘भरविते तुम्हां एकदा’ म्हणते. आधी स्वतः भरवते, मग सोपवते, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न (विक्रोळी): संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेले पक्षी आमच्या इमारतीच्या आवारात पडतात. मुले धावत येऊन चोचीत पाणी घालतात, तरी पक्षी दगावतात. काय करावे?

उत्तर: पाणी घालणे थांबवा, तेच बहुधा जिवावर बेतते. पक्ष्याची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. अर्धमेल्या पाखराच्या चोचीत ओतलेले पाणी तिथून फुप्फुसात जाते. दाणे, दूध, भातही नको.

बुटाच्या खोक्याला पेन्सिलीने आठ-दहा भोके पाडा, तळाला जुना सुती कपडा घाला. पक्ष्यावर हलका रुमाल टाका, पंख अंगालगत मिटवून दोन्ही हातांनी उचला आणि खोक्यात ठेवा. छाती दाबू नका. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो, ती आवळली की गुदमरतो. मांजा पंखात रुतला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने मिनिट-दोन मिनिटे हलके दाबून धरा. खोके बंद करून अंधारात, शांत जागी ठेवा. मुलांना सारखे झाकण उघडू देऊ नका. मग परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात किंवा जवळच्या पशुवैद्याकडे न्या. नायलॉनच्या मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, आवारात कोणी वापरताना दिसला तर पोलिसांना कळवा.

मुलांना एक गोष्ट मात्र जरूर दाखवा. पडलेला पक्षी चोच उघडी ठेवून बसला, तर त्याला तहान लागली असे सगळ्यांना वाटते. त्याला श्वास पुरत नसतो, किंवा तो भ्यालेला, तापलेला असतो. अशा वेळी सावली करा, गर्दी हटवा आणि दोन पावले मागे सरका.