आरोग्य-प्रश्नोत्तर : भावाला मूत्रपिंडविकार, मग माझी जनुकीय चाचणी करावी का?

प्रश्न : माझे वय ५२ असून गेली नऊ वर्षे मला टाइप २ मधुमेह आहे. थोरल्या भावालाही मधुमेह होता आणि आता त्यांचे डायलिसिस सुरू आहे. माझे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आहे. परंतु शरीरातील दाह (आतली सूज, इन्फ्लमेशन) वाढवणारी जनुके तपासून मूत्रपिंडाचा धोका आधीच कळतो, असे पुतण्याच्या वाचनात आले आहे. ही चाचणी करून घ्यावी का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आपली काळजी अनाठायी नाही. मधुमेहातील मूत्रपिंडविकार काही घराण्यांत अधिक आढळतो. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रपिंडविकार असलेल्या मधुमेहींच्या मधुमेही भावंडांपैकी ८३ टक्के जणांत त्या विकाराची लक्षणे सापडली. विकार नसलेल्यांच्या भावंडांत हे प्रमाण १७ टक्के होते. अभ्यास लहान होता आणि टाइप १ मधुमेहाचा होता, म्हणून हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. भावंडांचे खाणेपिणे आणि सवयीही सारख्या असतात, हेही लक्षात घ्यावे.

दाहाचा संबंध मात्र खरा आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मूत्रपिंडातील पेशी एमसीपी-१ नावाचे प्रथिन सोडतात. त्याच्या हाकेने पांढऱ्या पेशी तेथे गोळा होतात, टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहकारक द्रव्ये वाढतात आणि हळूहळू मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या कडक होऊन निकामी होतात. ही प्रथिने किती प्रमाणात तयार व्हावीत हे ठरवणाऱ्या जनुकीय भागात माणसामाणसांत जनुकीय लिपीतील एखाद्या अक्षराचा फरक असतो. त्यामुळे एकच साखर दोघांच्या मूत्रपिंडांना सारखीच इजा करील असे नाही, हा संशोधकांचा तर्क योग्यच आहे.

अडचण पुढे येते. अशा एकेका फरकाचा परिणाम फार लहान असतो, आणि एका देशातील अभ्यासात धोकादायक ठरलेला फरक दुसऱ्या लोकसमूहात निरुपद्रवी ठरल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. सुमारे २०,००० टाइप १ मधुमेहींचा संपूर्ण जनुकसंच धुंडाळणाऱ्या २०१९ मधील मोठ्या अभ्यासात सर्वांत ठळक खूण सापडली ती दाहाच्या जनुकात नव्हे, तर गाळणीच्या पडद्यातील कोलॅजेन हे आधार देणारे प्रथिन बनवणाऱ्या एका जनुकात, आणि तीही संरक्षण देणारी. म्हणून दाहाच्या जनुकांची चाचणी आज आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अहवाल चांगला आला तर खोटा दिलासा मिळेल, वाईट आला तर झोप उडेल. उपचार मात्र दोन्ही वेळी तेच राहतील.

त्याऐवजी लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासा; अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन लघवीत किती उतरते, हे त्यातून कळते. ते आपण कधी केले आहे का, हे आपल्या पत्रात कुठेच नाही, आणि मला खरी चिंता त्याचीच वाटते. क्रिएटिनिन नॉर्मल असतानाही अल्ब्युमिन झिरपू लागलेले असू शकते. टाइप २ मधुमेहात निदानापासूनच ही तपासणी दरवर्षी व्हायला हवी. गुणोत्तर ३० मिलीग्रॅम प्रति ग्रॅम किंवा अधिक आले तर घाबरून न जाता तीन ते सहा महिन्यांत पुन्हा तपासावे, कारण ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा आदल्या दिवशीच्या जोरकस व्यायामानेही ते तात्पुरते वाढते. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाजही अहवालात मागून घ्या.

वाढ कायम राहिली तर उपाय आहेत. रक्तदाबाच्या एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी गटातील गोळ्या मूत्रपिंडाला आधार देतात, आणि मधुमेहावरील एसजीएलटी२ इन्हिबिटर गटातील औषधे मूत्रपिंडाचा ऱ्हास मंदावतात, हे २०१९ पासूनच्या मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले आहे. कोणते औषध, केव्हा, हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे. सांधेदुखीसाठी दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत असाल, तर ते मात्र आजच थांबवावे. सुके खारे मासे, लोणचे आणि पापड यांतून जाणारे मीठही मोजावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. आपल्या पुतण्याचे वडील डायलिसिसवर असतील, तर त्यानेही आपली साखर आणि रक्तदाब या वर्षीच तपासून घ्यावा.