अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग खरंच नाझीधार्जिणा होता का? एवढा शिस्तीचा माणूस तसा कसा वागला?

नाझी पक्षाशी त्याचा संबंध नव्हता, पण त्याची मतं ज्यूविरोधी होती. यात मला तरी शंका वाटत नाही.

मे 1927 मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस हे अंतर त्याने विमानाने, एकट्याने, न थांबता साडेतेहेतीस तासांत कापलं. वजन वाचवायला रेडिओ नाही, पॅराशूटही नाही. दारू-सिगारेटला शिवायचा नाही. अंगी बाणवायच्या गुणांची यादी करून तो रोज स्वतःला तपासायचा.

1938 मध्ये बर्लिनला नाझी नेता गोअरिंगच्या हातून त्याने जर्मन पदक घेतलं. पुढच्याच महिन्यात जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली गेली आणि सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, तरी पदक परत केलं नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात पडू नये, असं त्याच्यासारखंच तेव्हा लाखो अमेरिकनांना वाटत होतं. त्यात गैर काही नाही. पण 11 सप्टेंबर 1941 ला आयोवातल्या डे मॉइन भाषणात त्याने देशाला युद्धात ढकलणारे तीन गट सांगितले: ब्रिटिश, ज्यू आणि रूझवेल्ट सरकार. ज्यूंवर जर्मनीत काय गुदरतंय हे ठाऊक असूनही त्यांच्याकडे असं बोट दाखवणं अक्षम्यच आहे. त्याच्या बाजूच्या वर्तमानपत्रांनीसुद्धा त्याला झोडपलं.

पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा तो पॅसिफिकमध्ये नागरिक म्हणून सुमारे 50 लढाऊ मोहिमांवर गेला. त्या भाषणाबद्दल जाहीर माफी मात्र त्याने कधीच मागितली नाही.