रिकाम्या खुर्चीचे पैसे कोण भरतो?

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही आंबोलीमार्गे गोव्याला गेलो होतो. दाबोळी विमानतळावर पाहुण्यांना घ्यायला थांबलो असता रशियाहून आलेल्या विमानातून शे-दीडशे पर्यटक उतरले. ते ‘चार्टर’ असल्याचे टॅक्सीवाल्याने सांगितले. चार्टर म्हणजे पुढाऱ्यांचे किंवा उद्योगपतींचे छोटे विमान, असे आम्ही समजत होतो. हा प्रकार नेमका काय आहे आणि तो कधी सुरू झाला?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : लग्नाच्या वऱ्हाडासाठी एसटीची गाडी ‘प्रासंगिक करारा’वर घेतली जाते, तेव्हा महामंडळ प्रत्येक वऱ्हाड्याला तिकीट फाडत नाही, पूर्ण गाडीचे भाडे एकरकमी घेते आणि गाडीत चाळीस माणसे बसली की वीस, ही चिंता यजमानावर सोडते. सुट्टीच्या चार्टर विमानाचा व्यवहारही असाच असतो. येथे यजमान म्हणजे सहल कंपनी. ती संपूर्ण विमान, बहुधा संपूर्ण हंगामासाठी, आगाऊ ठरवते आणि विमानप्रवास, हॉटेल व विमानतळावरची ने-आण एकत्र करून एकाच किमतीला विकते. वेळापत्रकानुसार उडणारी विमान कंपनी रिकाम्या खुर्चीचा तोटा स्वतः सोसते. चार्टरमध्ये तो सहल कंपनीच्या अंगावर येतो.

या धंद्याचा आरंभ साधारणपणे १९५० पासून धरतात. व्लादिमिर राइट्झ या लंडनमधील तरुणाने ‘होरायझन हॉलिडेज’ ही कंपनी काढली आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात युद्धकाळातील डकोटा जातीच्या विमानाने पहिली तुकडी फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरील काल्वी येथे नेली. मुक्काम तंबूंत होता. प्रवास, राहणे आणि जेवण मिळून ३२ पौंड १० शिलिंग घेतले गेले. सरकारी विमान कंपनीच्या धंद्याला धक्का लागू नये म्हणून ब्रिटिश सरकारने त्याला प्रारंभी केवळ विद्यार्थी आणि शिक्षक यांनाच नेण्याची परवानगी दिली होती. पुढेही बरीच वर्षे, संपूर्ण सहलीची किंमत त्याच मार्गावरील नेहमीच्या परतीच्या भाड्यापेक्षा कमी ठेवता येणार नाही, असा नियम होता. स्वस्त विकू शकणाऱ्याला महाग विकायला लावणारा हा नियम १९७० च्या दशकाच्या प्रारंभी सैल झाला आणि मग स्पेनचा किनारा उत्तर युरोपातील कामगार कुटुंबांनी भरून गेला.

इतर देशांतही असेच चालले होते. डेन्मार्कमध्ये आयलिफ क्रोगेअर या खेड्यातील पाद्र्याने बसच्या सहलींपासून सुरुवात केली आणि १९६२ मध्ये ‘स्टर्लिंग एअरवेज’ ही स्वतःची विमान कंपनीच उभी केली. धर्मोपदेशकाने विमाने विकत घ्यावीत, हे आपल्याला गमतीचे वाटेल. पण जर्मनीची ‘कॉन्डोर’ ही कंपनीही प्रारंभी पवित्र भूमीच्या यात्रेकरूंना घेऊनच उडाली होती. लंडनजवळच्या ल्यूटन येथील ‘ब्रिटानिया एअरवेज’ने १९६८ मध्ये बोइंग ७३७ ही त्या काळची नवी जेट विमाने घेतली, तीच कंपनी नावे बदलत आज ‘टुई एअरवेज’ झाली आहे. गोव्यात युरोपातील चार्टर विमाने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून उतरू लागली. आपण पाहिलेले विमान त्याच परंपरेतले. गोव्याचा त्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल असतो.

प्रश्न : ही सहल स्वस्त कशी पडते? विमानाला इंधन तर तेवढेच लागते.
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : इंधन तेवढेच लागते, त्याचे वाटेकरी वाढतात. एक काल्पनिक हिशेब पाहू. १८० खुर्च्यांच्या विमानाच्या एका उड्डाणाला १८ लाख रुपये खर्च येतो असे धरले, तर १२० प्रवासी असताना प्रत्येकी १५ हजार पडतात आणि सगळ्या खुर्च्या भरल्या तर १० हजार. सहल कंपनीने जागा महिनोन्‌महिने आधी विकलेल्या असल्यामुळे विमान जवळजवळ भरूनच निघते. दोन उड्डाणे अर्धी भरत असतील, तर ती एकत्र करून प्रवाशांना नवी वेळ कळवण्याची सोयही तिच्याकडे असते, जी प्रवाशाला अर्थातच गैरसोय वाटते.

मात्र खरी हुशारी हंगामाच्या आखणीत दिसते. एकच तुकडी आठवड्यासाठी नेऊन परत आणायची झाली, तर विमान तिला सोडून रिकामे परतते आणि आणायला पुन्हा रिकामे जाते. चार उड्डाणांपैकी दोन फुकट जातात. त्याऐवजी दर आठवड्याला एक, अशा वीस तुकड्या नेल्या, तर नवी तुकडी सोडणारे विमान आधीची तुकडी घेऊन परतते. एकवीस फेऱ्यांची बेचाळीस उड्डाणे होतात आणि त्यांतली पहिल्या फेरीची परती व शेवटच्या फेरीचे जाणे, एवढी दोनच रिकामी राहतात. म्हणूनच अशा सहली सात किंवा चौदा दिवसांच्या ठरावीक मापात विकल्या जातात. प्रवाशाला दहा दिवस हवे असले तरी ते या साखळीत बसत नाहीत.

शिवाय उन्हाळ्यात विमान शक्यतो उभे ठेवत नाहीत. पहाटे एका बेटावर, दुपारी दुसऱ्या आणि मध्यरात्री तिसऱ्या, अशा त्याच्या फेऱ्या लागतात; रात्री दोनची उड्डाणे प्रवाशांच्या नव्हे, विमानाच्या सोयीची असतात. हिवाळ्यात युरोपातील गर्दी ओसरते, पण कॅनडातील लोक त्याच सुमारास मेक्सिको आणि कॅरिबियनकडे धावतात. त्यामुळे काही युरोपीय कंपन्या तेव्हा आपली विमाने वैमानिकांसह तिकडे भाड्याने देतात.

प्रश्न : कंपनी बुडाली तर परदेशी अडकलेल्यांचे काय होते?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : विमान आगाऊ ठरवायचे आणि खुर्च्या विकल्या जातील असा भरवसा धरायचा, हाच धंदा असल्याने मागणी घटली किंवा इंधन महागले की तो झपाट्याने कोसळतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर ब्रिटनची ‘कोर्ट लाइन’ कंपनी ऑगस्ट १९७४ मध्ये, ऐन हंगामात, बंद पडली. राइट्झची ‘होरायझन’ काही महिन्यांपूर्वीच तिने विकत घेतली होती. तीही सोबत गेली आणि हजारो प्रवासी परदेशी अडकले. सहल कंपन्यांकडून हमी घेणारा ‘अॅटॉल’ परवाना १९७३ पासून होता, परंतु ती हमी तोकडी पडली, म्हणून १९७५ मध्ये राखीव निधी उभारण्यात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची ‘थॉमस कुक’ बुडाली, तेव्हा परदेशी असलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना परत आणण्याची मोहीम तेथील सरकारने आखली. भारतातील ‘थॉमस कुक’ची मालकी २०१२ पासूनच वेगळी असल्यामुळे तिला त्याची झळ लागली नाही. आपल्याकडे सहलीच्या पैशांना अशी सक्तीची हमी नाही. फसगत झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पण ती नंतरची गोष्ट झाली. त्यामुळे संपूर्ण रक्कम आगाऊ देण्यापूर्वी रद्द करण्याच्या अटी लेखी घ्याव्यात, हे बरे.

प्रश्न : उजळाईवाडीहून असे चार्टर का सुटत नाही?
— एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : आपला उजळाईवाडीचा, म्हणजे कोल्हापूरचा, विमानतळ १९३९ चा, म्हणजे जुना आणि मानाचा, पण येथे आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची सीमाशुल्क व पारपत्र तपासणी नाही, म्हणून परदेशी सहलीचे विमान थेट सोडता येत नाही. विस्तारानंतर धावपट्टी १,९३० मीटरपर्यंत पोचली. दाबोळीची तीन किलोमीटरहून लांब आहे. त्यात कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच. उंचावर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते व उड्डाणाला जास्त अंतर लागते, त्यामुळे १८० प्रवासी आणि दूरच्या पल्ल्याचे इंधन घेऊन मोठे विमान येथून उडवणे अवघड ठरते. देशांतर्गत सहलीसाठी सत्तरेक खुर्च्यांचे एटीआर विमान ठरवता येईल. मात्र ते बाहेरच्या तळावरून येथपर्यंत रिकामे आणावे आणि शेवटी रिकामेच परत न्यावे लागेल, आणि त्या दोन्ही उड्डाणांचे पैसे आपल्याच बिलात धरले जातील.