रिपोर्ट चांगले, मग चढ चढताना बरगडी का दुखते?

मी समुपदेशक आहे. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. "टाके सुकले, एक्स-रे चांगला आहे, डॉक्टर म्हणतात आता चाला, व्यायाम करा. पण चालायला लागलं की कळ येते. आत काही फाटत तर नाही ना?" घरचे म्हणतात, दुखतंय तर कशाला करायचं? एवढ्यावर माणूस खुर्चीत बसतो, तो बसतोच.

साताऱ्यात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण इथे पहाटे अर्धं गाव अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागलेलं असतं. "किल्ल्यावर येताय ना?" हे इथलं 'कसं काय'च आहे.

ज्यांच्याबद्दल लिहितेय त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वय चाळीसच्या पुढे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. त्यांना नुसतं बाई म्हणते. तरुणपणी टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण करून तो बराही झाला. पण फुप्फुसात पोकळी राहिली, तिथे पुढे बुरशीचा गोळा धरला आणि खोकल्यातून रक्त पडायला लागलं. पुण्यात उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. उजव्या बाजूला असे तीन भाग असतात. एक काढला की उरलेले दोन हळूहळू पसरून बरीचशी जागा भरून काढतात. ऑपरेशन चांगलं झालं होतं. सात महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या त्या मिस्टरांबरोबर, आणि बोलत होते मिस्टरच. "मॅडम, ही ऐकत नाही. परवा मैत्रिणींबरोबर थेट किल्ल्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत गेली आणि मग दोन दिवस झोपून होती."

मिस्टरांना बाहेर चहाला पाठवलं. बाईंना म्हटलं, कुठे दुखतं ते बोटाने दाखवा. त्यांनी पाठीवर खांद्याच्या पात्याखालून सुरुवात केली, काखेखालून बोट पुढे आणलं आणि छातीखाली थांबवलं. अख्खा पट्टा. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ब्लाउजची शिवण नेमकी तिथेच येते. कापड लागलं तरी चटका बसतो. आणि खालचा हा भाग आंघोळीच्या वेळी साबण लावताना कळतच नाही, बधिर आहे." हे सर्जनना सांगितलं होतं का? नव्हतं. पुरुष डॉक्टर, बाहेर रांग, आत दोन-तीन मिनिटं. ब्लाउजची गोष्ट तिथे कोण काढणार?

माझ्या मते सगळी किल्ली त्या न सांगितलेल्या वाक्यातच होती. फुप्फुसाला स्वतःला दुखण्याची जाणीव नसते. ती असते बरगड्यांच्या आतून असलेल्या आवरणाला आणि छातीच्या भिंतीला. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस पाठीकडून पुढे येते. छाती उघडताना दोन बरगड्या फाकवाव्या लागतात, तेव्हा ती नस दबते, ताणली जाते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये हे कमी होतं, पण अजिबात होत नाही असं नाही. दुखावलेली नस बरी होताना जळजळ, करंट, मुंग्या, बधिरपणा असं काहीबाही कळवत राहते. घरात एकदा चोर शिरला की पुढे कित्येक महिने कुत्रं पोस्टमनवरही भुंकतं, त्यातलाच प्रकार. दोन महिन्यांनंतरही टिकलेल्या अशा दुखण्याला वैद्यकशास्त्रात वेगळं नाव आहे. छाती उघडून ऑपरेशन झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना सहा महिन्यांनीही थोडंफार दुखत असतं. बहुतेकांना सौम्य, काहींना झोप मोडण्याइतकं.

पण हे निदान मी करायचं नसतं. मी कागदावर चार ओळी लिहून दिल्या: कुठे, कसं, केव्हा, कापड लागल्यावर काय होतं. म्हटलं, बोलायला लाज वाटत असेल तर नुसता कागद पुढे सरकवा. डॉक्टरांनी तपासलं, नवा फोटो काढून पाहिला, आत काही नाही याची खात्री केली, नसेच्या दुखण्याचं रात्रीचं औषध सुरू केलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तो फोटो होईपर्यंत मी व्यायामाचा विषय काढला नाही. कुणी काढूही नये. एकाएकी धाप लागली, ताप आला, खोकल्यात रक्त दिसलं, एक पोटरी सुजून दुखायला लागली, छातीवर दाब येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, व्रणातून पाणी आलं, तर समुपदेशकाकडे येऊ नका, दवाखान्यात जा.

फिजिओकडे आणखी एक गोष्ट निघाली. बाई उजवा हात अंगाला चिकटवूनच वावरत होत्या. वर्गात फळ्याच्या खालच्या अर्ध्यावरच लिहायच्या. मागच्या बाकावरची पोरं ओरडायची, "बाई, वर लिहा की, दिसत नाय." ऑपरेशनमध्ये पाठीचे स्नायू दुखावतात, त्यात हात असा बांधून ठेवला की खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा चालतानाही बरगडी ओढतो. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा साधा व्यायाम सुरू झाला. बाईंनी भिंतीऐवजी फळाच घेतला आणि रोज तारीख थोडी वर लिहायला लागल्या.

चालण्याचं आम्ही असं ठरवलं: किल्ला सध्या बंद. शाहू क्रीडा संकुलात सपाटीवर, अंतर न मोजता घड्याळ लावून. वाईट दिवशीही जेवढं सहज जमेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात. बरं वाटलं म्हणून त्या दिवशी वाढवायचं नाही. बाईंची खरी खोड तीच होती, एक दिवस देऊळ गाठायचं आणि मग पंधरा दिवस घरात. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दुखणं दहापैकी तीन-चारपर्यंत गेलं तर चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोजच्या पातळीवर परत आलेलं हवं. आलं नाही तर आदल्या पायरीवर.

सपाटीवर सगळं जमलं. किल्ल्याच्या रस्त्यावर मात्र एका वळणाशी पाय अडायचे. चढ फार नाही, तरी श्वास धरला जायचा, खांदे कानाशी जायचे आणि कळ यायची. मी विचारलं, तिथेच का? बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "पहिलं रक्त तिथेच पडलं होतं. रुमाल लाल झाला होता."

आता याला कुणी 'मनाचे खेळ' म्हणालं की मला राग येतो. कळ खरीच होती. भीतीने श्वास धरला की छातीचे स्नायू ताठरतात आणि आधीच चिडलेली नस आणखी ओढली जाते. यात खोटं काय आहे? त्या दिवशी बरोबर असलेल्या मैत्रिणीला सोबत घ्यायला सांगितलं. वळणापर्यंत जायचं, कठड्यावर टेकायचं, श्वास लांब सोडायचा, भीती ओसरेपर्यंत तिथून हलायचं नाही आणि मग खाली यायचं. पुढे जायची घाई नाही. मैत्रीण बडबडी होती, ते फार बरं झालं.

मिस्टरांशी वेगळं बोलावं लागलं. ते पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नव्हते, दर तासाला "दुखतंय का?" विचारत होते. काळजी खरी होती, पण बाईंचं सगळं लक्ष त्यामुळे बरगडीकडेच राहत होतं. विचारायचंच तर "आज कुठपर्यंत गेलीस?" विचारा, म्हटलं.

बाई आता ते वळण ओलांडून जातात. देवळापर्यंत रोज नाही, रविवारी. फळा वरपर्यंत भरतो. थंडीत पट्टा अजून जळजळतो, म्हणून त्या दिवसांत पहाट सोडून संध्याकाळी चालतात, आणि शिवण बाजूला घेतलेले ब्लाउज शिवून घेतलेत. औषध कमी करायचं का, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणार आहेत. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका, एवढंच मी सांगून ठेवलंय.