पहिली चिमणी विणताना

अगं, कापूस भरलेल्या क्रोशाच्या चिमणीसाठी काळी लोकर नको घेऊस, टाके दिसतच नाहीत. फिकट पिवळी घे आणि क्रोशाची सुई 2.5 मिमीची. वीण सैल पडली की आतला कापूस डोकावतो, म्हणून बारीक सुईच बरी.

मॅजिक रिंगमध्ये (ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) 6 मुके खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाके), पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24. फेरीच्या पहिल्या टाक्यात रंगीत दोरा अडकव, तो फेरीगणिक वर सरकव. हे टाळू नकोस; माझ्या पहिल्या चिमणीची मान कलली ती मोजणी चुकल्यानेच.

कापूस चिमूटचिमूट भर, गोळा कोंबलास तर पोट खडबडीत होतं. तान्ह्या बाळासाठी असेल तर मणी नकोतच, डोळे काळ्या दोऱ्याने भर. पंख टाचण्यांनी लावून लांबून बघ, मगच शिव.